‘मी आहे ना!’ : रिठद ते मालवण

रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठदहून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र दूरच. इथे पाणी म्हणजे विहीर, शेततळं आणि पावसाळ्यात भरून वाहणारे नाले. सोयाबीन-तुरीच्या या मुलखात मुलं पोहायला शिकतात ती शेतातल्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर प्लास्टिकचा रिकामा कॅन, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर मामूच्या किंवा चाचाच्या हातात. आठ-दहा दिवसांनी कॅन सुटतो, मग दोर सुटतो. मुलगा आपल्या बळावर पायऱ्यांपर्यंत आला की तो पोहणारा. परीक्षा एवढीच, आणि बी.एड.ला मूल्यमापनाचे जे धडे आम्ही पाठ केले त्यातल्या बऱ्याच धड्यांपेक्षा ती चोख आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं गाडी करून मालवणला गेलो. हिंगोली, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर असा सातशे किलोमीटरहून जास्त रस्ता. घाट उतरला आणि हवा ओली झाली, तशी पोरं खिडकीबाहेर माना काढून ‘समंदर, समंदर’ ओरडू लागली. समुद्र यायला अजून बराच वेळ होता!

मालवणला आधी सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. तट, बुरूज सगळं खरंच, पण आम्हा विहिरीवाल्यांचे पाय थबकले ते आतल्या दूधविहीर, साखरविहीर आणि दहीविहिरीपाशी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं. किल्ल्यावर नेणाऱ्या होडीवाल्याला कुणीतरी ‘नाखवा’ म्हणून हाक मारली, तेव्हा माझ्यातली उर्दूची शिक्षिका जागी झाली. हा आपला फारसीतला ‘नाखुदा’. नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे इथे धनी, मालक. होडीत बसलेल्यांनी जीव ज्याच्या हाती दिला तो.

किल्ल्याजवळच्या पाण्यात आणि तारकर्लीच्या बाजूला हल्ली स्कूबा डायव्हिंग जोरात चालतं. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी, आणि पाण्याखाली मासे-प्रवाळ पाहायचे. मालवणचा हा सागरी पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे. राज्याच्या पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीला आहे. माझा चौदा वर्षांचा मुलगा उतरणार म्हणून मीही बोटीत चढले, अर्थात दुपट्टा घट्ट धरून बसून राहायला.

आधी एक कागद भरून घेतला. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं दुखणं आहे का? बोटीवरच्या गर्दीत लोक न वाचता सह्या करतात. तुम्ही वाचा. मग खुणा शिकवल्या. आपण ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो, पण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. छान असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. कान दुखले तर नाक दाबून हळूच हवा सोडायची. आणि सगळ्यात मोठा नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे भरलेली छाती रोखून कुणी वर आला तर ती हवा दुप्पट फुगायला पाहते, आणि फुफ्फुस फाटू शकतं.

माझा मुलगा काही मीटरच खाली गेला. सोबतच्या माणसाने त्याच्या सिलिंडरवरचा हात एकदाही काढला नाही. पोराला काहीच येत नव्हतं, तो पूर्ण दुसऱ्याच्या भरवशावर होता, आणि तरी मला त्यात गैर वाटलं नाही. एका पर्यटकामागे एक माणूस आणि उथळ पाणी, म्हणजे आमच्या विहिरीतला दोरच झाला.

खरी गोष्ट कळली ती परतताना, भाच्याकडून. माझ्या नणंदेचा हा मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याने या खेळाचा पहिला कोर्स केला आहे. त्या कार्डावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पुढचा कोर्स केला की ३० मीटर, आणि हौशी माणसाची शेवटची हद्द ४० मीटर. मागच्या वर्षी तो चार-पाच जणांबरोबर एका सहलीला गेला होता. कुठे आणि कुणाबरोबर, ते इथे नको. पुढे एक जाणता, शेकडो वेळा बुडी मारलेला माणूस. बोटीवर कुणीतरी विचारलं, “सर, खोल आहे का?” उत्तर मिळालं, “मी आहे ना!”

“मुमानी, मासे बघत बघत आम्ही त्यांच्यामागे चाललो होतो,” भाचा सांगत होता. “मनगटावरच्या यंत्राकडे नजर गेली तर २७ मीटर. हवा निम्म्याच्या खाली. मी अंगठा वर केला. सरांनी हाताने खूण केली, थांब, अजून थोडं. मी परत अंगठा केला.”

“मग?”

“माझ्या जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानेही केला. आम्ही दोघे हळूहळू वर आलो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, शिकवलं होतं तसं. बाकीचे नंतर आले, सगळे सुखरूप. बोटीवर सर बोलले नाहीत. एक मुलगा हसला, म्हणाला, डरपोक.”

मी शिक्षिका असल्यामुळे असेल, मला आधी हिशोब सुचला. बारा लिटरचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरलं तर त्यात सुमारे २४०० लिटर हवा. माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असं धरलं तर वर ती १२० मिनिटं पुरेल. दहा मीटरवर ६० मिनिटं, कारण दाब दुप्पट. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणजे ३० मिनिटं, तीही शेवटच्या श्वासापर्यंत मोजून. घाबरलेला माणूस तर दुप्पट हवा ओढतो. शिवाय त्या खोलीच्या आसपास नायट्रोजनने डोकं जड होऊ लागतं, न पिता नशा चढावी तसं. खुशाल वाटतं, आणि यंत्रातला आकडा वाचूनही समजत नाही. घाईने वर यावं तर अंगात विरघळलेला तोच वायू बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू धरतो.

“पण तुझ्या सरांना सगळं येत होतं ना?” मी विचारलं.

“येत होतं. पण त्यांना येत होतं, मला नाही. त्यांनाच चक्कर आली असती, तर आम्हा चौघांपैकी त्यांना वर कोण आणणार होतं? आम्ही तरी वर कसे आलो असतो?”

दहावीच्या हुशार मुलाची वही पाहून गणितं उतरवणारी आठवीची पोरं मी रोज पाहते. वही भरलेली असते, उत्तरं बरोबर असतात. हुशार मुलगा गैरहजर राहिला की त्या दिवशी कळतं.

आमचे हे तोवर गप्प होते. म्हणाले, “इमामसाहेब नमाजीत चुकले तर मागचा माणूस लुकमा देतोच की. मागे उभं राहायचं म्हणजे डोळे मिटायचे असं कुठे आहे?”

जगभर या मोहाच्या खुणा आहेत. इजिप्तमध्ये दहाबजवळ ‘ब्लू होल’ नावाची समुद्रातली खोल विहीर आहे. तिच्यातून बाहेर पडणारी दगडी कमान ५० मीटरहून खोल आहे, म्हणजे हौशी हद्दीच्या पलीकडे. तिथे काठावर बुडून मेलेल्यांच्या नावांच्या फरश्या लावल्या आहेत. १९९८ साली ऑस्ट्रेलियात एका जोडप्याला बोटीने समुद्रातच सोडलं. माणसं मोजण्यात चूक झाली, आणि ती दोन दिवसांनी लक्षात आली. ते दोघे अनुभवी होते, पण मोजणं दुसऱ्याच्या हातात होतं. आपल्याकडे २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेही पाण्याखाली नव्हे, किनाऱ्याकडे येताना.

फार लांब तरी कशाला जायचं? विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात गाळ काढायला कुणी विहिरीत उतरतो, आत कोंडलेल्या वायूने बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातले जनाजे एकाच दिवशी उठल्याच्या बातम्या आपण वाचतो. जुने लोक आधी कंदील सोडून पाहत. तो विझला तर खाली प्राणवायू नाही. पण विहिरीत डिझेल इंजिन चाललं असेल तर त्याचा विषारी वायू कंदील विझवत नाही, हे शेतकरी वाचकांनी ध्यानात ठेवावं. ‘मी गेलोय ना दहा वेळा, चल’ म्हणणारा माणूस तिथेही असतोच.

भाच्याला मी विचारलं, आता जाणार नाहीस ना? तो हसला. समुद्र सोडणार नाही म्हणाला, पण पुढचा कोर्स आधी. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. नव्या सहलीसाठी त्याने तीन ठिकाणी एकच प्रश्न पाठवला होता, १८ मीटरचं कार्ड असलेल्याला तुम्ही किती खाली नेता? एकाने लिहिलं, काळजी करू नका, आमचे सर फार अनुभवी आहेत. दुसऱ्याने फक्त भाव कळवला. तिसऱ्याने लिहिलं, अठरा. पैसे त्याने तिसऱ्याला पाठवले, दर थोडा जास्त होता तरी.