आधाराची खूण

आपल्या लिखाणांत आपलें किती आणि दुसऱ्याचें किती, हें वाचणाऱ्यास कळावें अशी सोय लिहिणाऱ्यानेंच करून ठेवावी, हा शिष्टाचार आपल्याकडे फार जुना आहे. टीकाकार ‘तदुक्तम्’ म्हणून दुसऱ्याचें वचन उघडीत आणि ‘इति’ म्हणून मिटीत. मूळ ग्रंथांतील एखाद्या स्थळाकडे बोट दाखवावयाचें झालें तर तेथील पहिले दोनतीन शब्दच लिहीत. त्यास ‘प्रतीक’ म्हणत. तेवढ्यावरून शिकल्या माणसास स्थळ सांपडे. आमच्या पोखर्णीहून फारशा दूर नसलेल्या गंगाखेडच्या जनाबाईंचें नांव तर अभंगाच्या शेवटीं चरणांतच गुंफलेलें असतें. तीही खूणच; आणि ती ओळीपासून वेगळी काढतां येत नाहीं हा तिचा मोठा गुण.

हें सारें आठवण्याचें कारण असें कीं, सेवानिवृत्तीनंतर आमच्या घरांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर उतरून घेण्याचें काम मीं चालविलें आहे. माझा पुतण्या म्हणाला, “काका, हें साध्या मजकुरांतच लिहा. सजावटीच्या फायली वीस वर्षांनीं उघडतीलच असं नाहीं. साधीं अक्षरं कोठेंही वाचतां येतील.” त्यानें दाखविलेली ‘मार्कडाउन’ ही पद्धत जॉन ग्रुबर यांनीं २००४ मध्यें प्रसिद्ध केली. शब्दाच्या दोहों बाजूंस तारका दिल्या कीं तो छपाईंत तिरपा होतो, आणि न छापतांही मजकूर डोळ्यांस बोचत नाहीं. मात्र ग्रंथाधार कसा द्यावा याची तरतूद मूळ पद्धतींत नव्हती. ती ‘पॅनडॉक’ या साधनानें पुरविली. त्याचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, याचें मला नवल वाटलें नाहीं. प्रमाणाची काळजी आमच्या नैयायिकांनाही अशीच होती.

रीत अशी आहे. चौकोनी कंसांत ‘@’ ही खूण, तिला लागून ग्रंथाची किल्ली, मग स्वल्पविराम देऊन स्थळ. उदाहरणार्थ [@ज्ञानेश्वरी, अध्याय ९]. संपादक, प्रकाशक, वर्ष हा तपशील दुसऱ्या फायलींत एकदांच लिहावयाचा. छापतेवेळीं यंत्र दोहोंची गांठ घालून देतें. दोन आधार असल्यास मध्यें अर्धविराम. कर्त्याचें नांव वाक्यांत आधींच येऊन गेलें असेल तर खुणेपूर्वीं उणेचिन्ह, म्हणजे पुनरुक्ति टळते. ‘ऑर्ग’ नांवाच्या अशाच एका लेखनपद्धतीस स्वतःची अंगभूत रीत २०२१ मध्यें मिळाली, तीही वर्षानुवर्षें खल झाल्यावर. एवढ्याशा कंसासाठीं इतका खल कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु अर्धी मात्रा वांचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांचे आपण वारस आहोंत, आपण तरी तसें म्हणूं नये.

किल्ली कशी असावी, येथें खरी मेख आहे. पुतण्याचें मत, अनुक्रमांक द्यावा. मला तें पटलें नाहीं. आंकडा प्रतीबरोबर फिरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें हातीं घेऊन १९६६ मध्यें पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति पाहा. तिचे श्लोकांक नीलकंठी प्रतीशीं जुळत नाहींत, आणि संहितेंतून वगळलेल्या ओळी तळटीपेंत तारांकित क्रमांकानें दिल्या आहेत. प्रत कोणती हें न सांगतां नुसता आंकडा देणें म्हणजे गांव न सांगतां घरक्रमांक सांगण्यासारखें आहे. शिवाय आधारांची ती दुसरी फाईल हरवली तर? पोथीचें शेवटचें पान, ज्यावर लेखकाचें नांव असतें, तेंच आधीं झिजून जातें. तेव्हां किल्ली प्रतीकासारखी असावी. यंत्र नसलें तरी माणसास बोलणारी.

पण ओवीस ना ग्रंथ, ना प्रकाशक, ना वर्ष. श्लोकाला आणि पोथीच्या पानाला या नव्या पद्धतींत जागा आहे. गळ्यासाठीं जागा आपणच करावी लागते. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’नें त्या लोकांपुढें आणल्या. आमच्या जिल्ह्यांतील ताडकळसच्याही ओव्या तेथें आहेत. तेथें गाणारीचें नांव आणि गांव ओवीबरोबर देतात. हाच कित्ता मीं उचलला.

माझ्या संग्रहांतील बहुतेक ओव्या थोरल्या वहिनींच्या. किल्ली ‘थोरल्यावहिनी’ अशी करावी, तर त्या माझ्या वहिनी. पुतण्याची ती आई, त्याच्या मुलीची आजी. एकत्र कुटुंबांत नात्याचें नांव बोलणाऱ्यागणिक बदलतें; त्याची किल्ली पुढच्या पिढीच्या कुलुपास लागावयाची नाहीं. मग पाळण्यांतलें नांव कीं लग्नांत ठेविलेलें? हा प्रश्न मीं वहिनींसच विचारला.

त्या म्हणाल्या, “भावजी, या घरांत मी आले तेव्हां या ओव्या मला येतच होत्या. ज्या मुलीला त्या येत होत्या, तिचं नांव लिहा.”

दादा शेजारीं सुपारी कातरीत होते. “त्या नांवानें हिला या घरांत कोण ओळखतो?” एवढेंच ते बोलले. साठ वर्षें घरांत कोणीं न उच्चारलेलें नांव आपल्या डोळ्यांदेखत पुस्तकांत जावें हें त्यांस जड गेलें असावें, आणि तें मी समजूं शकतों. तरीही मला वहिनींचेंच म्हणणें न्यायाचें वाटलें. ओव्या माहेरच्या, सासरच्या नांवावर त्या चढविल्या तर गंगाखेडकडचें धन पोखर्णीच्या खात्यांत पडेल. किल्लींत माहेरचें नांव घातलें आणि आधारांच्या फायलींत दोन्ही नांवें, दोन्ही गांवें लिहिलीं.

यंत्राचीही एक अडचण निघाली. युनिकोड या वर्णसूचींत आपल्या मात्रा-वेलांट्यांस अक्षर न म्हणतां चिन्ह म्हटलें आहे. किल्ली कोठें संपते हें ठरविणाऱ्यानें केवळ ‘अक्षरें आणि आंकडे’ चालतील असा नियम केला, तर ‘सीता’ ही किल्ली ‘स’वरच तुटेल. अशा वेळीं ती महिरपी कंसांत घालावी. नव्या पद्धति रचणाऱ्यांनीं देवनागरीचा हा विचार आरंभींच करावा, मागाहून ठिगळ लावूं नये.

दादांनीं दोन दिवस तो विषय काढला नाहीं. तिसऱ्या दिवशीं संगणकाजवळ येऊन म्हणाले, “तिच्या नांवांतली पहिली वेलांटी दीर्घ आहे. तूं ऱ्हस्व तर नाहीं ना लिहिलीस?”

आतां कांहीं ओव्या उरल्या आहेत, त्या वहिनी आपल्या आत्याकडून शिकल्या. आत्याचें पाळण्यांतलें नांव त्यांस आठवत नाहीं. माहेरीं भाच्याकडे विचारणा केली आहे. तोंवर त्या ओव्यांपुढें मीं कंस रिकामा ठेविला आहे.