फिओरानोचे सेकंद

गाड्यांवर लिहायला लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एका साप्ताहिक पुरवणीत मी एक तक्ता छापून आणला. फेरारी आपल्या गाड्या मारानेल्लोच्या कारखान्याजवळच्या फिओरानो या स्वतःच्या ट्रॅकवर पळवते आणि एका फेरीला किती वेळ लागला ते जाहीर करते. ते आकडे मी एकाखाली एक मांडले. १९८७ ची एफ-४०, १ मिनिट २९.६ सेकंद. २००२ ची एन्झो, १ मिनिट २४.९. २०१३ ची लाफेरारी, १ मिनिट १९.७. शेजारच्या रकान्यात अश्वशक्ती: एफ-४० ची ४७८, लाफेरारीची ९६३. खाली ठणकावून लिहिलं की, ताकद दुप्पट झाली म्हणून जवळजवळ दहा सेकंद वाचले. शर्यतीचा निकाल सांगावा तसं ते मी सांगितलं होतं.

आठवड्याभरात कोल्हापूरहून पत्र आलं. लिहिणाऱ्यांचं स्वतःचं गॅरेज होतं. मजकूर चार ओळींचा: ‘साहेब, टायर कुठले होते? गाडी कुणी चालवली? रस्ता किती तापलेला होता? हे कळल्याशिवाय दहा सेकंद इंजिनाच्या नावावर कसे टाकले?’

मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना कळवलं की आकडे खुद्द कंपनीचे आहेत, त्यामुळे शंकेला जागा नाही. आकडे खरेच होते. चुकला होता तो त्यांतून मी काढलेला अर्थ, आणि त्यांनी विचारलं होतं तेही त्याच अर्थाबद्दल. संपादकांनी दुरुस्ती आनंदाने छापली असती. मी ती कधी पाठवलीच नाही. तक्त्याच्या चुकीपेक्षा मला हे जास्त लागून राहिलं आहे, कारण तक्ता अज्ञानातून झाला होता आणि पत्राचं उत्तर अहंकारातून.

एक साधा भागाकार केला असता तरी मी सावध झालो असतो. फिओरानोचा ट्रॅक तीन किलोमीटरच्या आसपास आहे. एफ-४० चा कमाल वेग ताशी ३२४ किलोमीटर सांगितला जातो, पण त्या ८९.६ सेकंदांचा सरासरी वेग निघतो ताशी १२० च्या जवळपास. लाफेरारीचा १३५. म्हणजे तिथे गाडीचा बराचसा वेळ ब्रेक लावण्यात, वळण घेण्यात आणि वळणातून पुन्हा वेग पकडण्यात जातो. अशा जागी रबराची पकड, सस्पेन्शन, हवेचा दाब गाडीला खाली किती रेटतो, गिअर किती चटकन बदलतो, या सगळ्याचा वाटा असतो. यांतलं काय किती हे एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही. मी मात्र सगळं श्रेय इंजिनाला देऊन टाकलं होतं.

हा ट्रॅक १९७२ साली सुरू झाला. त्याआधी फेरारीच्या गाड्यांच्या चाचण्या आसपासच्या रस्त्यांवर आणि मोदेनाच्या जुन्या विमानतळावरच्या सर्किटवर होत. रहदारीच्या रस्त्यावर कालची आणि आजची चाचणी सारखी असूच शकत नाही. बंदिस्त, आपल्या ताब्यातल्या रस्त्यावर तेच वळण, तोच उतार, तोच डांबराचा पोत पुन्हा पुन्हा मिळतो. पाऊस नसला तर ट्रॅक पाण्याने भिजवायची सोयही तिथे आहे. कालच्या गाडीत एकच गोष्ट बदलायची आणि आज पुन्हा फेरी मारायची, हे तिथलं खरं काम. जगाला दाखवायचा आकडा त्या कामाच्या शेवटी येतो.

पुढे मारानेल्लोला गेलो तेव्हा तिथल्या संग्रहालयातून निघणाऱ्या बसमधून ट्रॅक पाहिला. खाली उतरता येत नाही, फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे नुसतं बघत राहायचं. मी पाहत राहिलो तो पूल. ट्रॅक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आहे, आणि जिथे तो स्वतःला छेदतो तिथे एक रस्ता दुसऱ्याच्या वरून जातो. नकाशात हा पूल मी आधी पाहिला होता आणि जागा वाचवायची युक्ती म्हणून सोडून दिला होता. साध्या गोल सर्किटवर एका बाजूची वळणं नेहमी वरचढ ठरतात. आठाच्या आकड्यात डावी आणि उजवी वळणं एकमेकांची फिटंफाट करतात, त्यामुळे टायरची एकच बाजू घासत राहत नाही. मी ज्याला शर्यतीचं मैदान समजत होतो, तो मोजमापासाठी बांधलेला रस्ता होता. मध्येच एन्झो फेरारींचं लाल खिडक्यांचं पांढरं घर दिसतं. मालकाच्या खिडकीतून चाचणी दिसेल अशी ही जागा मला फार आवडली.

त्याच लेखात मी फिओरानोला ‘गुप्त’ही म्हटलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या भोवती नांदतं गाव आहे. गाडी सुटली की आवाज गावभर ऐकू जातो, आणि कुंपणाशी उभे राहून बघणारे हौशी लोक जगभरातून येतात. ट्रॅक खासगी आहे, एवढंच म्हणायला हवं होतं.

कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आता देतो. तुम्ही टायरचा प्रश्न पहिला विचारलात ते बरोबरच होतं. २०१९ साली आलेल्या एसएफ-९० स्ट्राडालेची वेळ फेरारीने १ मिनिट १९ सेकंद सांगितली, लाफेरारीपेक्षा सात दशांश सेकंदांनी कमी. पण ही गाडी नव्या मिशेलिन टायरवर होती, लाफेरारी पिरेलीवर. शिवाय एसएफ-९० ची पुढची चाकंही विजेच्या मोटर ओढतात, लाफेरारीत जोर फक्त मागच्या चाकांना. त्या सात दशांशांतला किती वाटा रबराचा आणि किती पुढच्या चाकांचा, हे जाहीर झालेल्या वेळेवरून मी सांगू शकत नाही. तेव्हाच्या दहा सेकंदांबद्दलही मला एवढंच लिहिता आलं असतं. ही दुरुस्ती तुमच्या नावे आहे, आणि उशिराबद्दल मी तुमची माफी मागतो.