दुधाचा दात

रमजानमध्ये माझी सहा वर्षांची मुलगी हट्टाने सहरीला उठायची. दोन खजूर, थोडं दूध, आणि लगेच पुन्हा अंथरुणात. ब्रश कोण करतंय! ईदनंतर दाढ दुखायला लागली. दोष एकट्या खजुरांचा नाही, दाढ आधीपासूनच काळी पडत होती. मी ती पाहिली होती आणि सोडून दिली होती.

सासूबाई म्हणाल्या, "दूध का दांत है, गिरनाच है उसको." लवंगेचा बोळा ठेवला. ती रात्री रडत उठायला लागली, तेव्हा कुठे दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

"काढूनच टाका ना," मी म्हणाले. वर्गात मुलांना समजावणारी मी, पण बोलले सासूबाईंचंच. डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, ही मागची दुधाची दाढ दहा ते बाराव्या वर्षी पडते. आत्ता काढली तर मागून येणारी कायमची दाढ पुढे कलते आणि खालच्या दाताची जागा जाते."

नुसतं खाताना दुखलं असतं, तर नसेचा फक्त वरचा भाग काढून मुळातली नस वाचवता आली असती. त्याला पल्पोटोमी म्हणतात. आपोआप, रात्री दुखणं म्हणजे बहुतेक वेळ निघून गेलेली असते. क्ष-किरणातही तेच दिसलं. मग मुळापर्यंतची सगळी नस काढावी लागली.

मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये गट्टापर्चा भरतात, तो विरघळत नाही. लहान मुलांना तो चालत नाही. खालून कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचं मूळ झिजत जातं, आणि आत भरलेलं औषधही त्याच्यासोबत झिजायला हवं. नाहीतर येणाऱ्या दाताची वाट अडते. आमच्या दाढेत झिंक ऑक्साईड आणि युजेनॉलची पेस्ट भरली. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. घरी आल्यावर हे सांगितलं तर सासूबाई एकदम खूश. "मैं बोली थी ना!" आता त्यांना कसं सांगू, की लवंगेने दुखणं दबलं आणि त्यातच आमचे दोन आठवडे गेले.

वरून स्टीलची टोपी बसवली. मुलगी तिला चांदीचा दात म्हणते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड उघडून दाखवते. परवा शेजारच्या भाभी पाहायला आल्या. म्हणाल्या, "माझ्या पोराचीही दाढ काळी आहे, पण दुखत नाही अजून."

मी चहा तसाच ठेवला आणि डॉक्टरांचा नंबर काढून दिला.