चाकाची चकाकी

आमच्या घरी भांड्यांना कलई करायचं काम दोन पिढ्या चाललं. अब्बा भाता मारायचे, तांब्याचं पातेलं तापलं की नवसागर टाकायचे आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचे. मग मुरगुडात ॲल्युमिनियमची भांडी आली, मागून स्टील आलं, भाता बंद झाला. यंदा भाच्यानं जुन्या गाडीची अलॉय चाकं पुढ्यात ठेवली. "मामू, जरा चमकवून द्या. गाडी विकायची आहे." बहिणीच्या नर्सिंगची फी भरायची होती त्याला. ज्या धातूनं आमचं काम नेलं, तोच आता हातात!

कलई थर चढवते, पॉलिश थर काढतं. हा फरक लक्षात ठेवूनच चाकाला हात लावायचा. चाक थंड असताना साबणाच्या पाण्यानं धुवायचं. संडास धुण्याचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अजिबात नको, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. चिंच-लिंबूही तांब्या-पितळेसाठीच. जुना लॅकर रिमूव्हरनं काढायचा, तोही हातमोजे घालून उघड्या अंगणात. नंतर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर: 400, 600, 800, 1000, शेवटी 2000. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. सगळी मेहनत इथेच आहे. एका चाकाला माझे दोन दिवस गेले. ओल्या कागदानं धूळही उडत नाही. शेवटी मेटल पॉलिश. फडकं काळं होतं, घाबरू नये, ती धातूचीच बुकटी. वर क्लिअर लॅकर मारला नाही तर आपल्याकडच्या पावसात महिन्याभरात चकाकी मंदावते. कारखान्यात लेथवर कापून चमकवलेल्या चाकांच्या नादी मात्र घरी लागू नये, ते रूप हातानं परत येत नाही.

चौथ्या चाकाच्या कडेला एक काळी रेघ पुसूनही जाईना. पॉलिशची काळी भुकटी ओरखड्यातून निघते, भेगेत मात्र अडकून बसते. हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तर बारीक बुडबुडे. हे टायर दर आठवड्याला बसायचं आणि पंक्चरवाल्याला काही सापडायचं नाही, ते यामुळे. निपाणी रस्त्यावर ऊसगाड्यांना बाजू देताना एखाद्या खड्ड्यात आपटलं असणार.

"एम-सील भरून लॅकर मारला तर दिसेल का?" भाच्यानं विचारलं, पण माझ्याकडे न बघता. धान्याच्या ढिगाखालची ओल दाखवणारी हदीस त्याला लहानपणापासून पाठ आहे, मी ती काढली नाही. एवढंच म्हणालो, "त्या गाडीत त्यांचीही पोरं बसतील."

गिऱ्हाईक आलं तेव्हा तडकलेलं चाक त्यानं स्वतःच पुढे ठेवलं. चार हजार कमी झाले. फीचा दुसरा हप्ता आता दिवाळीनंतर भरायचा आहे. गाडी गेली ती तीन चकचकीत चाकांवर आणि स्टेपनीच्या एका काळ्या लोखंडी चाकावर.