‘सगळं तसंच राहील ना?’

मशीन बदलायचं म्हटलं की यूजर हाच प्रश्न विचारतो. फाइली जातील का, ही भीती आता फारशी उरलेली नाही. त्या सर्व्हरवर असतात हे लोकांना ठाऊक झालं आहे. काळजी असते ती वेगळ्याच गोष्टींची. वर्डमध्ये ‘जिका’ टंकलं की ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ उमटायचं, ते उमटेल का? एक्सेलच्या वरच्या पट्टीत स्वतः आणून बसवलेली बटणं असतील का? ज्या दोन कळांनी इंग्रजीतून मराठीत येतो, त्याच कळांनी येता येईल का? गेली कित्येक वर्षं माझं काम हेच आहे. एका मशीनवरच्या सवयी दुसऱ्या मशीनवर न्यायच्या, आणि एकट्यादुकट्यासाठी नव्हे तर सबंध कार्यालयासाठी त्या कशा न्यायच्या याची टेम्प्लेटं लिहून ठेवायची.

बाहेरून हे नकलेचं काम वाटतं. जुन्यावरचं नव्यावर उतरवलं की झालं! प्रत्यक्षात ते निवडीचं काम आहे. कुठलाही प्रोग्रॅम चालता चालता असंख्य गोष्टी टिपून ठेवत असतो. त्यातल्या काही माणसाच्या असतात, काही त्या मशीनच्या, तर काही निव्वळ कालच्या दिवसाच्या. यातली कुठली कुणाची, हे टेम्प्लेट लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि त्याचा निवाडा त्याने कधी न पाहिलेल्या माणसांच्या रोजच्या कामाला लागू होतो. म्हणून मला हे काम जबाबदारीचं वाटतं.

आधी या सेटिंग्ज राहतात कुठे ते सांगायला हवं. विंडोजमध्ये प्रत्येक यूजरची रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जची नोंदवही, त्याच्या प्रोफाइलमधल्या ‘एनटीयूजर.डॅट’ या लपवलेल्या फाइलीत असते. लॉगिन झालं की तीच ‘एचकी करंट यूजर’ म्हणून दिसू लागते. तिच्या जोडीला ‘ॲपडेटा’ हा फोल्डर. विस्टापासून त्याचे तीन भाग झाले: रोमिंग, लोकल आणि लोकललो. जे माणसाबरोबर फिरायला हवं ते रोमिंगमध्ये आणि जे त्या मशीनपुरतं आहे ते लोकलमध्ये, असा त्यामागचा संकेत. संकेत सुरेख आहे, पण सगळेच तो पाळत नाहीत. क्रोम आपलं सगळं प्रोफाइल लोकलमध्ये ठेवतं. जुने हिशेबाचे प्रोग्रॅम स्वतःच्या फोल्डरातच, म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या आत, एखाद्या आयएनआय फाइलीत सेटिंग लिहू बघतात. साध्या यूजरला तिथे लिहायची परवानगी नसते. मग विंडोज ते लिखाण गुपचूप ॲपडेटाच्या लोकलमधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच घरी लिहिलं. नवा तंत्रज्ञ ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधली फाइल उचलतो आणि ती मूळची कोरी निघते, यूजरची खरी फाइल तिसरीकडेच पडलेली असते. लिनक्सवर यामानाने सोपं आहे. तिथे बहुतेक सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या मजकुराच्या फाइलींत असतात. त्या नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये वाचता येतात. असं सरळ वाचता येणं ही मोठी सोय आहे, आणि विंडोजवर काम करताना तिची किंमत फार जाणवते.

पूर्वी यावर उपाय होता रोमिंग प्रोफाइलचा. लॉगिन करताना प्रोफाइल सर्व्हरवरून खाली यायचं आणि लॉगऑफ करताना वर जायचं. पण डेस्कटॉपवर कुणी गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ ठेवले तर तेही त्याच्याबरोबर फिरायचे आणि सकाळी लॉगिन संपता संपायचं नाही. एकाच वेळी दोन मशीनवर बसलं तर जे मशीन शेवटी बंद व्हायचं त्याचं खरं धरलं जायचं. सगळंच उचललं की असं होतं.

त्यानंतरची दोन साधनं मला मनापासून आवडतात, कारण दोन्ही आपल्याला निवडायला लावतात. पहिलं मायक्रोसॉफ्टचं यूएसएमटी. यात दोन प्रोग्रॅम असतात: स्कॅनस्टेट जुन्या मशीनवरून गोळा करतो आणि लोडस्टेट नव्यावर उतरवतो. काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते एक्सएमएल फाइलींत लिहिलेलं असतं. मिगॲप, मिगयूजर, मिगडॉक्स या तयार मिळतात, आणि आपल्या कार्यालयापुरती वेगळी फाइल आपण लिहायची. तिच्यातला समावेशाचा आणि वगळण्याचा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. एकाच घटकात एक नियम घ्या म्हणतो आणि दुसरा सोडा म्हणतो, तेव्हा जो अधिक नेमका असेल तो जिंकतो. दोन्ही सारखेच नेमके असतील तर सोडा म्हणणारा जिंकतो. पण हे त्या घटकापुरतंच. एका घटकात वगळलेली फाइल दुसऱ्या घटकाने घ्यायला सांगितली असेल, तर ती येतेच. कुठल्याही परिस्थितीत नको असेल तर तिच्यासाठी निरपवाद वगळण्याचा वेगळा नियम लिहावा लागतो. हे मनात पक्कं बसलं की पुढची कितीतरी डोकेदुखी वाचते.

दुसरं साधन यूई-व्ही, तेही मायक्रोसॉफ्टचंच. ते २०१२ मध्ये आलं, आणि २०१६ च्या आवृत्तीपासून विंडोज १० एंटरप्राइझमध्ये अंतर्भूत झालं. यूएसएमटी एकदाच स्थलांतर करतं. यूई-व्ही रोज करतं: प्रोग्रॅम उघडताना सेटिंग आणायची, बंद करताना परत ठेवायची. इथे प्रत्येक प्रोग्रॅमचं स्वतंत्र टेम्प्लेट असतं. कुठली प्रक्रिया सुरू झाली की जागं व्हायचं, कुठल्या आवृत्तीपासून कुठल्या आवृत्तीपर्यंत, रजिस्ट्रीतल्या कुठल्या जागा, कुठले फोल्डर, एवढं त्यात लिहायचं. ते लिहायला मदत करणारा जनरेटर त्या प्रोग्रॅमला सुरू करून त्याच्यावर नजर ठेवतो, आणि तो कुठे कुठे वाचतो-लिहितो याची यादी दोन गटांत देतो. रजिस्ट्रीतला यूजरचा भाग आणि रोमिंग फोल्डर हा पहिला गट, संकेताबाहेरच्या जागा हा दुसरा. पुष्कळ जण पहिला गट डोळे झाकून घेतात आणि दुसरा डोळे झाकून सोडतात. माझ्या मते टेम्प्लेट लिहिणाऱ्याचं खरं काम त्या यादीनंतरच सुरू होतं.

कारण पहिल्या गटातही नको असलेलं पुष्कळ असतं. खिडकी पडद्यावर कुठे होती, हे बरेच प्रोग्रॅम आकड्यांत लिहून ठेवतात. जुन्या टेबलावर मुख्य पडद्याच्या डावीकडे दुसरा पडदा असेल तर ते आकडे ऋण असतात. तेच आकडे एका पडद्याच्या लॅपटॉपवर गेले की खिडकी पडद्याबाहेर उघडू शकते आणि यूजर म्हणतो, प्रोग्रॅम सुरूच होत नाही. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, प्रिंटरचं नाव, जुन्या यूजरनावाचा पूर्ण पत्ता, परवान्याची किल्ली, हे सगळं त्याच जातीचं. सेव्ह केलेले पासवर्डही नुसती फाइल उचलून येत नाहीत. विंडोज ते यूजरच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद करतं, आणि ते योग्यच आहे. लोकांना हे आधी सांगून टाकावं म्हणजे नव्या मशीनवर पहिल्या दिवशी बँकेच्या पानासमोर त्यांची घालमेल होत नाही.

आता मराठीत काम करणाऱ्यांविषयी. साधनांबरोबर येणारी माहिती वाचून या गोष्टी कळत नाहीत, त्या इथे बसूनच शिकाव्या लागतात. कळफलकापासून सुरुवात करतो. कुठला कळफलक आधी आणि कुठला नंतर, ही क्रमवारी रजिस्ट्रीतल्या ‘कीबोर्ड लेआउट’च्या ‘प्रीलोड’मध्ये असते. मराठीचा भाषाक्रमांक ११०२, सोळाच्या पायात ४४ई. भाषा बदलण्याच्या कळा त्याच्याच शेजारी ‘टॉगल’मध्ये. दोन्ही यूजरच्या स्वतःच्या आहेत आणि दोन्ही न्यायलाच हव्यात. इनस्क्रिप्टवर बोटं बसलेल्या माणसासमोर ध्वन्यनुसारी कळफलक आला तर त्याचा अख्खा दिवस वाया जातो, उलटंही तसंच.

ऑटोकरेक्टचं प्रकरण याहून बारीक आहे. साध्या मजकुराच्या नोंदी रोमिंगमधल्या मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस फोल्डरात एसीएल फाइलीत राहतात आणि फाइलीच्या नावात भाषेचा क्रमांक असतो. अमेरिकन इंग्रजीची ‘एमएसओ१०३३.एसीएल’. टेम्प्लेटमध्ये हेच एक नाव लिहिलं तर इतर भाषांच्या याद्या मागे राहतात. म्हणून क्रमांकाच्या जागी तारांकन घालायचं. ठळक अक्षरं किंवा तक्ता घालून केलेल्या नोंदी मात्र या फाइलीत नसतात, त्या वर्डच्या ‘नॉर्मल.डॉटएम’मध्ये असतात. एक घेतली आणि दुसरी राहिली की निम्मी संक्षिप्त रूपं चालतात आणि निम्मी चालत नाहीत. यूजरला यातलं काहीच समजायला मार्ग नसतो.

आणि ‘कस्टम.डिक’. लाल रेघ आली की ‘शब्दकोशात घाला’ म्हणायचं, तो शब्द इथे जातो. ही साधी मजकुराची फाइल आहे, एका ओळीवर एक शब्द. वर्षानुवर्षं एकाच खात्यात काढलेल्या माणसाच्या फाइलीत गावांची नावं, वाड्या, आडनावं, पिकांच्या जाती, जमिनीचे प्रकार, कायद्यातले शब्द सगळं सापडतं. शुद्धलेखनाबाबत काटेकोर असलेल्या माणसाने एकेक शब्द पारखून तिथे ठेवलेला असतो. कुठल्याही कंपनीच्या शब्दकोशात हे नसतं. माझ्या प्रत्येक टेम्प्लेटमध्ये या फाइलीची ओळ सर्वांत आधी असते.

फॉन्टची गोष्ट टेम्प्लेटच्या हद्दीबाहेरची आहे, पण फटका टेम्प्लेटलाच बसतो. वर्डचा ठरवलेला फॉन्ट ‘मंगल’ ही सेटिंग बिनचूक नव्या मशीनवर पोचते, आणि तिथे मंगल नसतो. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट पर्यायी जोडणीत गेले. देवनागरीतली भाषा मशीनवर जोडली किंवा ते मुद्दाम मागितले, तरच येतात. २०१८ च्या शेवटच्या आवृत्तीपासून यूजर स्वतःपुरताही फॉन्ट बसवू शकतो. तो लोकलमध्ये जातो, आणि रजिस्ट्रीत त्याची नोंद यूजरच्या फोल्डरच्या पूर्ण पत्त्यासकट होते. नव्या मशीनवर यूजरनाव बदललं तर नोंद आहे पण फॉन्ट नाही, अशी अवस्था. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली जुनी पत्रं तर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन बसतात. म्हणून फॉन्टची यादी मी वेगळी करतो आणि प्रोग्रॅमांच्याही आधी फॉन्ट बसवतो. प्रोग्रॅम त्यानंतर, सेटिंग्ज सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नये. प्रोग्रॅम नसताना त्याच्या सेटिंग्ज नेल्या तर काही वेळा त्या उतरतच नाहीत, काही वेळा पहिल्यांदा उघडताना तो त्या पुसून स्वतःच्या घालतो.

हे सगळं शिकायची जागा एकच, यूजरच्या शेजारची खुर्ची. जनरेटर प्रोग्रॅमकडे बघतो, माणसाकडे नाही. लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंजवळ मी असाच बसायचो. त्या माऊसला क्वचितच हात लावत. तिमाही विवरण करताना त्यांची बोटं ज्या कळांवर जात, त्यातल्या अर्ध्या त्यांनी स्वतः नेमलेल्या मॅक्रोच्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “अहो, मी काही सेटिंग वगैरे केलेलं नाही, हे असंच आहे.” त्यांचे मॅक्रो ‘पर्सनल.एक्सएलएसबी’ या फाइलीत होते आणि ती रोमिंगमधल्या एक्सेलच्या ‘एक्सएलस्टार्ट’ फोल्डरात होती. पुढे कार्यालयाच्या टेम्प्लेटमध्ये ती ओळ कायमची आली. आपण काय काय बसवून घेतलं आहे हे माणसं विसरतात, कारण ते बोटांत उतरलेलं असतं. प्रश्नावली भरून घेऊन ते हाती लागत नाही.

शेजारी बसण्यात एक विश्वासही असतो, तो जपायला हवा. गोळा केलेल्या साठ्यात माणसाचं पुष्कळ खासगी असतं. स्कॅनस्टेटला साठा कुलूपबंद करायची सोय आहे. ती दर वेळी वापरावी आणि यूजरने सगळं ठीक आहे म्हटल्यावर साठा पुसून टाकावा. टेम्प्लेटला लागेल त्याहून जास्त बघू नये.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ती नसलेली मशीनं पुष्कळ आहेत, त्यामुळे बदलाबदली अजून चालूच राहणार. ब्राउझरच्या आणि ऑफिसच्या काही सेटिंग्ज आता खात्याबरोबर आपोआप येतात. स्थानिक प्रोग्रॅम, मॅक्रो, शब्दकोश आणि फॉन्ट यांची मात्र कुणीतरी काळजी घ्यावी लागते.

तेव्हा तुमचं मशीन बदलणार असेल तर आदल्या आठवड्यात एक कागद जवळ ठेवा. काम करताना जे जे तुम्ही स्वतः बसवून घेतलं आहे ते आठवेल तसं त्यावर लिहा आणि तो कागद तंत्रज्ञाच्या हातात द्या. ‘कस्टम.डिक’ आणि ‘नॉर्मल.डॉटएम’ची प्रत स्वतः काढून ठेवा. आणि नव्या मशीनवर एक महिनाअखेर पार पडेपर्यंत जुनं मशीन कुणाला फॉरमॅट मारू देऊ नका.