हनिमून, वायनरी आणि परतीचा रस्ता

आमच्या वेळी नवरा-नवरी नाशिकला यायची ती काळाराम आणि त्र्यंबकच्या दर्शनाला. परवा भाचा नि भाचेसून हनिमूनला आले ते वायनरी बघायला. एका दिवसात तीन! मला त्यात वावगं काही वाटत नाही. २००१ साली सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, त्यातून हे उभं राहिलंय. जानेवारी ते मार्च तोडणी, तेव्हा गर्दी जास्त.

आता हिशोब करा. टेस्टिंगमध्ये पाच वाईन, प्रत्येकी साधारण ३० मिलि. म्हणजे १५० मिलि, भरलेला एक ग्लास. चव घेऊन थुंकायला भांडं असतं, पण पैसे मोजल्यावर थुंकतंय कोण? तीन ठिकाणी मिळून ४५० मिलि. बाटली असते ७५० ची. आणि गाडी चालवताना कायद्याची मर्यादा किती? १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल.

भाचेसून घेत नाही म्हणून गाडी तिनं चालवली. अनोळखी रस्ता, अंधार, समोरून ट्रॅक्टर. "मामा, पार्किंगमध्ये निम्म्या तर बाईकच होत्या," ती म्हणाली. त्या पोरांची गाडी कुणी चालवली?

वाईन पर्यटनाच्या जाहिराती करता ना, मग हंगामात शनिवार-रविवारी शहरातून वायनरींकडे जाणारी आणि रात्री परत आणणारी बस ठेवा. तिकीट लावा, लोक देतील.

गंगापूर, दिंडोरी रस्त्यावर राहणाऱ्यांनी कमेंटमध्ये सांगा, शनिवारी रात्री नऊनंतर तिथं काय चित्र असतं?