डोस बसेपर्यंत

लंडन, ऑक्टोबर

प्रिय ताई,

हार्ले स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना जुनी, सारख्या उंचीची घरं आहेत आणि दारादारांवर डॉक्टरांच्या नावांच्या पितळी पाट्या. एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकारावर, उपचार करणारा खासगी मानसोपचारतज्ज्ञ मात्र आता बऱ्याचदा लॅपटॉपच्या पडद्यावरच भेटतो. स्लावमध्ये राहणाऱ्या नाशिकच्या एका मुलीला तो तसाच भेटला. पस्तिशीची आहे, बँकेत सॉफ्टवेअरचं काम करते. शाळेपासून ‘हुशार आहे, पण लक्ष नाही’ हा शेरा ऐकत मोठी झाली. सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नाव घालायला गेली तेव्हा रांग काही वर्षांची असल्याचं कळलं. एनएचएसच्याच अंदाजानुसार इंग्लंडमध्ये एडीएचडी असलेले सुमारे २५ लाख लोक असावेत, आणि मार्च २०२५ मध्ये तपासणीची वाट पाहणारे पाच लाखांवर होते. तिनं साठवलेले पैसे मोडले आणि खासगी डॉक्टर गाठला.

चिरंजीव इकडे यायचे आहेत म्हणून तू फोनवर विचारलं होतंस, ‘पोराचं वजन साठ किलो, मग डोस किती बसेल?’ तिची हकीकत हेच त्याचं उत्तर आहे. एडीएचडीची नेहमीची उत्तेजक औषधं वजनाच्या हिशेबात बसत नाहीत. धिप्पाड माणसाला थोडक्यात भागतं आणि शिडशिडीत मुलीला जास्त लागतं, असं सर्रास घडतं. म्हणून कमीत कमी डोसपासून सुरुवात करायची, परिणाम आणि त्रास दोन्ही लिहून ठेवायचे आणि पायरी पायरीनं वर जायचं. इथे सगळे याला टायट्रेशन म्हणतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी पहिली पसंती लिसडेक्सॅम्फेटामीन किंवा मिथाइलफेनिडेट या दोन औषधांना आहे. एकानं सहा आठवड्यांत, पुरेशा डोसवर, म्हणावा तसा फरक पडला नाही तर दुसरं द्यायचं. दोन्ही सोसली नाहीत तर ॲटोमॉक्सेटिनचा विचार होतो.

तिच्या स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याशेजारी रक्तदाबाचं यंत्र ठेवलेलं असतं. सकाळी पाच मिनिटं शांत बसायचं, दंडाला पट्टा गुंडाळायचा, वरचा आकडा, खालचा आकडा आणि नाडी फॉर्ममध्ये भरायची. आठवड्यातून एकदा वजन. झोप किती, भूक किती, तोंड कोरडं पडतं का, संध्याकाळी औषध उतरताना चिडचिड होते का, हेही लिहायचं. फॉर्म गेल्याशिवाय क्लिनिक पुढचं प्रिस्क्रिप्शन काढत नाही. सुरुवातीला तिला याचा कंटाळा यायचा. आता ती म्हणते की उपचारातला सगळ्यात उपयोगाचा भाग तोच होता.

लिसडेक्सॅम्फेटामीनच्या ३० मिलिग्रॅमवर तिला फारसा फरक जाणवला नाही. ५० वर मीटिंगमध्ये ऐकलेलं शेवटपर्यंत डोक्यात राहायला लागलं आणि गॅसवर दूध ठेवून विसरणं थांबलं. मग ७०, म्हणजे या औषधाची कमाल मर्यादा. तिथं नाडी शंभराच्या वर गेली, दुपारचा डबा तसाच परत यायला लागला, रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी तिला पुन्हा ५० वर आणलं. ताई, वर जाऊन खाली येण्यात काही बिघडलेलं नसतं. वरची पायरी आपली नाही हे कळायलाही एकदा तिथं जावं लागतं, फक्त कुणीतरी आकडे पाहत असायला हवं.

खर्चाचंही सांगायला हवं. ही औषधं ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. खासगी डॉक्टरला इंग्लंडमध्ये ती गुलाबी रंगाच्या ठरावीक फॉर्मवरच लिहून द्यावी लागतात. त्यावरच्या तारखेपासून २८ दिवसांत औषध घेतलं नाही तर तो फॉर्म बाद, आणि एका वेळी शक्यतो ३० दिवसांपुरतंच औषध द्यावं अशी सूचना आहे. म्हणजे दर महिन्याला नवा फॉर्म, त्याची वेगळी फी आणि औषधाची पूर्ण किंमत. तिला सगळं मिळून महिन्याला शंभर पौंडांच्या वर पडत होते. तेच औषध एनएचएसच्या प्रिस्क्रिप्शनवर ९ पौंड ९० पेन्सला मिळतं.

त्यात ते वर्ष २०२३ होतं. तिनं ऑगस्टमध्ये औषध सुरू केलं आणि २७ सप्टेंबरला सरकारच्या आरोग्य खात्यानं देशभर इशारा काढला: एडीएचडीच्या औषधांचा तुटवडा आहे, नवे रुग्ण सुरू करू नका. ५० ची कॅप्सूल तिच्या भागात कुठेच मिळेना. डॉक्टरांनी ३० आणि २० ची जोडी लिहून दिली, पण ती बदलीही फार्मसिस्टला परस्पर करता येत नाही, त्यासाठी पुन्हा नवा गुलाबी फॉर्म. शनिवारचा अख्खा दिवस दुकानांना फोन करण्यात जायचा. ज्यांना पाठपुरावा करणंच जड जातं, त्यांच्यावरच व्यवस्थेनं सगळ्यात जास्त पाठपुरावा टाकलेला आहे, आणि हे अन्यायाचं आहे.

लीड्स, ऑक्टोबर

प्रिय ताई,

हे पत्र चिरंजीवांना नक्की वाचायला दे.

इथे कोल्हापूरचा एक मुलगा एमएस्सी करतो आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला मिथाइलफेनिडेट दिलं होतं. आपल्याकडे ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. हा पठ्ठ्या औषध घेऊन आला, ते संपत आल्यावर विद्यापीठाजवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेला आणि ‘हेच लिहून द्या’ म्हणाला. जीपीनं नम्रपणे नकार दिला. हे औषध सुरू करण्याचा निर्णय इथे तज्ज्ञाचा असतो, आणि परदेशातलं निदान जसंच्या तसं स्वीकारण्याचं बंधन जीपीवर नाही. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, तरी तज्ज्ञाच्या रांगेतून सुटका होत नाही.

मग खासगी मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी आधी सगळी पूर्वपीठिका पुन्हा विचारली, शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली, आईशी व्हिडिओवर बोलले. त्याला ते जाचक वाटलं, पण डॉक्टर बरोबर होते. मे २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’नं दाखवलं होतं की एकाच पत्रकाराला तीन खासगी क्लिनिकांनी ऑनलाइन भेटीत एडीएचडी असल्याचं सांगितलं, आणि एनएचएसच्या तज्ज्ञानं तीन तासांच्या तपासणीनंतर तो नसल्याचं. त्या कार्यक्रमामुळे खऱ्या रुग्णांकडेही संशयानं पाहिलं गेलं, ही तक्रार रास्त आहे. तरी घाईच्या निदानावर उभा राहिलेला डोस कुणाच्याच भल्याचा नसतो.

दुसरी गोष्ट त्याच्या डोसची. पुण्यात ३६ मिलिग्रॅम घेत होतो, इथेही ३६ घेऊ, असा त्याचा सरळ हिशेब. मिथाइलफेनिडेटच्या लांब पल्ल्याच्या गोळ्या मात्र एकसारख्या नसतात. काहींत औषधाचा मोठा भाग सकाळीच सुटतो, काहींत तो दुपारनंतर हळूहळू झिरपतो. कॉन्सर्टाच्या गोळीत तर पाणी शिरून आतलं औषध बारीक छिद्रातून बाहेर ढकललं जातं आणि रिकामं कवच तसंच्या तसं शौचावाटे पडतं. ते पाहून हा मुलगा घाबरला होता, औषध लागूच होत नाही असं त्याला वाटलं. गोळीवरचा आकडा तोच असला तरी दुपारी चारला लागणारं लक्ष वेगळं असू शकतं. म्हणूनच ब्रिटनच्या औषध नियामकानं सप्टेंबर २०२२ मध्ये डॉक्टरांना एका कंपनीच्या गोळीवरून दुसरीवर जाताना काळजी घ्यायला सांगितलं. या मुलाचा डोसही नव्यानं बसवावा लागला, आणि सत्राचा पहिला महिना त्यात गेला.

एडिंबरा, नोव्हेंबर

प्रिय ताई,

अलेक्झांडर क्रायटन हा डॉक्टर या गावचा, जन्म १७६३ चा. पुढे तो रशियाच्या झारचा वैद्य झाला. १७९८ च्या आपल्या ग्रंथात त्यानं अवधानावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि लक्ष एका जागी न टिकणाऱ्या माणसांचं वर्णन केलं. आज एडीएचडीचा इतिहास सांगताना अनेक जण तिथून सुरुवात करतात.

इथल्या एका मराठी डॉक्टरबाई, मूळच्या सांगलीच्या, जीपी आहेत. खासगी तज्ज्ञानं डोस बसवून दिल्यावर पुढची प्रिस्क्रिप्शनं जीपीनं लिहायची, याला शेअर्ड केअर म्हणतात. ते जीपीच्या खुशीवर असतं, आणि बाई कधी हो म्हणतात, कधी नाही. कारण त्यांनी मोकळेपणानं सांगितलं: चिठ्ठीवर सही ज्याची, जबाबदारी त्याची. दर सहा महिन्यांनी रक्तदाब, नाडी, वजन पाहायचं आणि वर्षाला तज्ज्ञाकडून फेरतपासणी व्हायची. रुग्णानं खासगी फी भरणं थांबवलं किंवा क्लिनिकच बंद पडलं, तर विचारायचं कुणाला? त्यांची अडचण खरी आहे. नकार मिळालेल्या रुग्णाची त्याहून मोठी आहे, कारण बसलेला डोस पैशाअभावी सोडावा लागतो.

इंग्लंडमध्ये एक मधला मार्ग आहे, राइट टू चूज. एनएचएसशी करार असलेलं क्लिनिक रुग्णानं निवडायचं, जीपीनं तिथं पाठवायचं, पैसे एनएचएस देणार. स्कॉटलंडमध्ये ही सोय नाही. एनएचएसची औषधं मात्र इथे मोफत आहेत, आणि खासगी चिठ्ठीला ती सवलत लागू नाही.

तेव्हा ताई, चिरंजीवांना निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटायला सांग आणि इंग्रजीत सविस्तर पत्र घ्यायला सांग: निदान कधी, कशावरून झालं, कोणता डोस कधी दिला, का बदलला, रक्तदाब किती होता. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसोबत, हातातल्या बॅगेत असू देत आणि तीन महिन्यांपेक्षा कमी. वाटेत दुबईत उतरून बाहेर पडायचं असेल तर तिथली परवानगी आधी काढायला हवी. इंग्लंडमध्ये आल्याबरोबर जीपीकडे नाव नोंदवून राइट टू चूजचा अर्ज द्यायचा. आणि खासगी डॉक्टरकडे पहिला पौंड भरण्याआधी जीपीला स्पष्ट विचारायचं: डोस बसल्यावर तुम्ही शेअर्ड केअर घ्याल का? उत्तर लेखी मागायचं.